इफ्ताहाचा अध्याय

"आजच्या दिवस एखादं स्तोत्र वाचा की," आई म्हणाली. "पाहुणे बसलेत. तेविसावं घ्या, सगळ्यांना पाठ आहे, पटकन आटपेल."

बाबा धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसत होते. वर्गात एखाद्या पोरानं बे दुणे पाच म्हटल्यावर बघावं तसं त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"रोदाची आई, पाहुणे आले म्हणून सूर्य पश्चिमेला उगवतो का? क्रम म्हणजे क्रम. काल शास्ते या पुस्तकाचा दहावा अध्याय झाला, आज अकरावा."

"बरं, तुमचंच खरं," असं म्हणून आईनं पदर डोक्यावर घेतला आणि सतरंजीवर तिच्या नेहमीच्या जागी बसली.

अकराव्या अध्यायात काय आहे ते मला ठाऊक होतं. मी दोन दिवस आधीच चोरून वाचून ठेवलं होतं. इफ्ताह नावाचा एक सरदार लढाईला निघतो आणि देवाला नवस बोलतो, की मी जिंकून आलो तर माझ्या घराच्या दारातून जे पहिलं सामोरं येईल ते तुला होमात अर्पण करीन. जिंकून येतो, तर दारातून डफ वाजवत, नाचत येते ती त्याची मुलगी. एकुलती एक. मीही एकुलती एक, आणि समोर बसलेले पाहुणे माझ्या लग्नाची तारीख ठरवायला आलेले. आता सांगा, मला स्तोत्रच हवं असणार की नाही?

आमचं गाव नगर जिल्ह्यातलं, नेवाशाच्या अलीकडचं. बाबा, म्हणजे देवदान मास्तर ओहोळ, मिशनच्या शाळेत शिकवायचे. दिवेलागणीला आमच्या घरी कौटुंबिक उपासना व्हायची. आधी गीत, मग बायबलातला एक अध्याय, मग त्यावर बोलणं, शेवटी पाळीपाळीनं प्रार्थना. घरात जो कोणी असेल त्यानं बसायचं. एकदा भांड्यांना कल्हई करायला आलेला माणूससुद्धा बसला होता, बिचारा. वाचनही पाळीनं, एकाच पुस्तकातून, बाबांपासून सुरुवात आणि उजव्या हातानं एकेकानं एकेक वचन. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत जायचं, पुन्हा उत्पत्ती. काही गाळायचं नाही. वंशावळी नाहीत, मापं नाहीत. महारोगाची लक्षणं आम्ही जेवणाच्या तोंडावर ऐकलेली आहेत आणि वर जेवलेलोही आहोत.

बाबांचा दुसरा नियम बोटाचा. अध्याय संपला की प्रत्येकानं काहीतरी बोलायचं किंवा विचारायचं, पण मनाचं सांगायचं नाही. "कुठं लिहिलंय? बोट ठेवा," असं बाबा म्हणायचे. आमचे पाळकसाहेब एकदा उपासनेला बसले आणि तीन राजे उंटावरून बाळ येशूला भेटायला आले असं बोलून गेले. बाबांनी हळूच पुस्तक पुढं सरकवलं. "साहेब, तीन कुठं आहेत? राजे कुठं आहेत? उंटावर बोट ठेवा." त्यानंतर पाळकसाहेब आमच्याकडे यायचे, पण सकाळी.

तर पाहुणे. सगुणाकाकू थोरात आणि त्यांचा मुलगा बार्णबा. याकोबकाका थोरात बाबांचे जिवाभावाचे मित्र. बोर्डिंगात दोघं एका ताटात जेवलेले. काकांचं दुखणं वाढत गेलं आणि त्यांची शेवटची घटका आली तेव्हा आम्ही सगळे त्यांच्या खाटेभोवती होतो. बाबांनी त्यांचा हात धरून मोठ्यानं प्रार्थना केली. रडत होते, आवाज फाटला होता. आणि त्या प्रार्थनेत ते बोलून गेले, "प्रभू, याचं घर ते माझं घर. माझी रोदा मी या घरात देईन. हा माझा शब्द आहे." मी उशाशी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. कोणी माझ्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही. सगळे आमेन म्हणाले. सवयीनं मीही म्हणाले.

मुलगा वाईट असता तर सोपं होतं. दारू पितो, शिव्या देतो, असं काही सांगता आलं असतं. पण बार्णबा एस.टी.च्या डेपोत फिटर, निर्व्यसनी, मितभाषी, आईला जपणारा. त्याला नावं ठेवायला जागाच नव्हती. वांधा एवढाच होता की मला लग्न करायचं नव्हतं. मला नर्स व्हायचं होतं. मॅट्रिक झाले होते, मिरजेला मुलाखत देऊन आले होते, निवड झाली होती. जूनमध्ये हजर व्हायचं होतं. आणि बाबांच्या डोक्यात मे महिन्यातलं लग्न.

पाहुणे यायच्या आधीच्या शनिवारी मी धीर करून बोलले होते. बाबा जेवत होते, आई चुलीपुढं भाकरी थापत होती.

"बाबा, मला मिरजेला जायचंय."

"जाशील की. बार्णबाला विचारून जा. समजूतदार आहे तो."

"पण मला आत्ता लग्नच नको."

बाबांचा घास हातातच राहिला. ते चिडले नाहीत. चिडले असते तर मी भांडले असते. ते अगदी समजावणीच्या सुरात म्हणाले, "बाळा, हा शब्द मी माणसाला दिलेला नाही. प्रार्थनेत दिलाय. देवापुढं उघडलेलं तोंड मागं घेता येत नसतं. इफ्ताहानं घेतलं का? आता चार-पाच दिवसांत तो अध्याय येईलच. नीट लक्ष देऊन ऐक."

मी आईकडे पाहिलं. तिनं भाकरी उलटली आणि विचारलं, "काय हो, सगुणावैनींना कधी बोलवायचं म्हणता?"

"सोमवारी."

"सोमवारी त्यांचा बाजार. गुरुवारी बोलवा."

मला असा राग आला तिचा! म्हटलं, हिला पोरीचं काही नाहीच. दोघंही एका माळेचे मणी. मी ताटावरून उठले आणि मागच्या अंगणात जाऊन बसले. ती समजूत काढायलाही आली नाही.

तर तो गुरुवार. आई स्वयंपाकाला लागली होती तेव्हा सगुणाकाकूंनी मला जवळ बसवून माझा हात हातात घेतला, बांगडीचं माप बघितलं. त्यांनी लुगडं घेऊन ठेवलं होतं, त्याचा रंगही सांगितला. बार्णबा खिडकीशी बसून आमचा बंद पडलेला रेडिओ उघडून बघत होता. बाबा खुशीत होते. "अध्यायसुद्धा कसा जुळून आला बघा," असं त्यांनी काकूंना दोनदा सांगितलं.

गीत झालं. बाबांच्या उजव्या हाताला सगुणाकाकू, मग बार्णबा, मग मी, मग आई. बाबांनी पहिलं वचन वाचलं आणि पाळी फिरू लागली. इफ्ताहाला भाऊबंदांनी घरातून हाकललं, मग गरज पडल्यावर तेच पाया पडत आले, हे सगळं नेहमीसारखं चाललं होतं. काकू अडखळत वाचत, बार्णबा भराभर. नवसाचं वचन बाबांच्या वाट्याला आलं. ते त्यांनी खणखणीत वाचलं, शाळेत वाचायचे तसं.

मग इफ्ताह घरी परतला. ते वचन माझ्याकडे आलं. दारातून मुलगी निघाली, तिच्याशिवाय त्याला मुलगा नव्हता की मुलगी, इथपर्यंत मी कशीबशी पोचले. माझ्यानंतर आईची पाळी, म्हणजे बापाचा आक्रोश आईच्या तोंडी आला. आई चौथी शिकलेली. बोट ओळीखाली धरून सावकाश वाचायची. "हाय हाय, माझ्या मुली," तिनं वाचलं. पुढं बापाचं म्हणणं, की मी देवापुढं तोंड उघडलंय आणि आता मला मागं फिरता येत नाही. आईनं तेवढं वाचलं आणि ओळीवरचं बोट न काढताच पुस्तक बाबांपुढं सरकवलं.

आणि मग पाळी बाबांची. तिथं मुलगी बोलते. बाबांनी सुरुवात केली, "बाबा, तुम्ही देवापुढं तोंड उघडलंय..." आणि त्यांचा आवाज अडला. स्वतःच्या तोंडून "बाबा" अशी हाक निघाल्यावर माणूस जरा चमकणारच. खाकरून त्यांनी पुढं वाचलं, "तर तुमच्या तोंडून निघालं तसं माझं करा."

काकूंनी पुढचं वाचलं: मुलगी दोन महिने मागते, मैत्रिणींबरोबर डोंगरावर जाऊन रडायला. मग बार्णबा. "तो म्हणाला, जा." एवढं वाचून तो थांबला. सगळं भराभर वाचणारा पोरगा तिथं थांबला, आणि मग उरलेलं हळू वाचलं. शेवट माझ्याकडे आला. दोन महिन्यांनी ती परत आली आणि बापानं नवस फेडला. मी वाचलं. शेवटचं वचन आईनं वाचलं.

बाबांनी पुस्तक मांडीवर घेतलं. "काय शिकायचं यातून? इफ्ताह शब्दाचा पक्का. काळीज फाटलं, पण फिरला नाही. आणि मुलगी तरी कशी! एका शब्दानं उलटून बोलली नाही." हे म्हणताना ते माझ्याकडे बघत होते. "वहिनी, तुम्हाला काय वाटतं?"

"मला मेलीला काय कळतंय," काकू म्हणाल्या. "पोर फार गुणाची होती."

"बार्णबा?"

"काही नाही, काका."

"रोदा?"

मी मान हलवली.

"मला एक विचारायचंय," आई म्हणाली.

बाबांना नवल वाटलं. आई बहुतेक "छान आहे अध्याय" एवढं म्हणून उठायची, कारण चुलीवर काहीतरी असायचं. "विचार की."

"देवानं मागितली होती का ती?"

"कोण?"

"पोरगी. देवानं म्हटलं होतं का, की मला तुझी पोरगी दे? कुठं म्हटलंय?" आणि आईनं ते जाड पुस्तक बाबांच्या मांडीवर नीट सरळ केलं. "बोट ठेवा."

बाबा हसले. "अगं, नवस त्यानं बोललेला—"

"त्यानं बोललेला माहितीये. मी देवाचं विचारतेय."

बाबांनी चष्मा वर सरकवला आणि पान बघायला लागले. बोट वरून खाली गेलं. खालून वर आलं. पान उलटून मागचं बघितलं. आम्ही सगळे त्या बोटाकडे बघत बसलो होतो. वर्षानुवर्षं दुसऱ्यांना बोट ठेवायला लावणारा माणूस, आणि आता त्यांचंच बोट जागा शोधत हिंडत होतं. मला आनंद व्हायला हवा होता, पण नाही झाला. त्यांची कीव आली.

"इब्री लोकांच्या पत्रात," बाबा शेवटी म्हणाले, "विश्वासवीरांच्या नावांत इफ्ताहाचं नाव आहे."

"ते लढाई जिंकली म्हणून, का पोरगी दिली म्हणून? तिथं काय लिहिलंय?"

ते त्यांना पाठ होतं. राज्यं जिंकली, तलवारीतून वाचले, असंच काहीतरी तिथं आहे. मुलीबद्दल अक्षर नाही.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. गुरुवार आईनं ठरवला होता. रोज एक अध्याय म्हणजे गुरुवारी अकरावा, हा हिशेब तिनं भाकरी थापता थापता केला होता. आणि स्तोत्र वाचा म्हणून सुचवलं तेही तिनंच, कारण बाबांना एखादी गोष्ट करायला लावायची असेल तर ती नका करू म्हणायचं, हे तिच्याइतकं कोणाला माहीत? आणि मी तिला मनातल्या मनात काय काय बोलले होते!

"नाही," बाबा म्हणाले.

"काय नाही?"

"देवानं मागितलेली नाही. तो गप्प आहे. सबंध नवसात तो एक शब्द बोललेला नाही."

सगुणाकाकू काही दुधखुळ्या नव्हत्या. त्यांचा चेहरा लाल झाला. "भावजी, हे माझ्यासाठी चाललंय होय? जेवायला बोलावून बायबलातून नकार देता? सरळ सांगायचं होतं की, पोरगी द्यायची नाही म्हणून. मी काय झोळी घेऊन आले होते?"

"आई, थांब ना जरा," बार्णबा म्हणाला.

"तू गप रे! शब्द यांनी दिला, मी नव्हता मागितला."

"खरंय," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज मी ओळखला नाही, इतका खाली गेला होता. "वहिनी, मला बोलू द्या. पण ज्याच्यापुढं बोललो होतो त्याच्यापुढंच बोलतो." आणि आम्ही मान खाली घालायच्या आतच त्यांनी सुरुवात केली.

"प्रभू, तू मागितलं नव्हतंस. याकोबानंही मागितलं नव्हतं. तो फक्त म्हणाला होता, देवदान, माझ्यासाठी प्रार्थना कर. मला त्या वेळी काहीतरी मोठं द्यावंसं वाटलं, आणि माझ्याजवळ मोठं असं काही नव्हतं. म्हणून पोरीचं आयुष्य देऊन बसलो. ते माझं नव्हतं. मला क्षमा कर. वहिनींनी पण करावी. आमेन."

बाबांची प्रार्थना एरवी इतकी लांबायची की भात गार व्हायचा. एवढ्यात संपलेली मी पहिल्यांदाच ऐकली. कोणी आमेन म्हणालं नाही. पाळी काकूंची होती.

मला वाटलं, त्या उठून जाणार. बार्णबानं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, तो त्यांनी बाजूला केला.

"प्रभू," त्या म्हणाल्या, "मला राग आलाय. लपवून काय करू, तुला दिसतोयच. गल्लीतल्या बायांना सांगून बसलेय मी. आता त्यांना काय तोंड दाखवू?" मग थांबल्या. नाक ओढल्याचा आवाज आला. "पण तुझ्यापुढं खोटं कशाला बोलू. मला माझ्या बापानं असंच शब्दावर दिलं. याकोब देवमाणूस होता, तुला ठाऊक आहे. तरी पहिली किती वर्षं मी चुलीपुढं बसून रडले. कोणी विचारलं तर म्हणायची, धूर लागला. धूर नव्हता तो. मला कोणी विचारलं नव्हतं, बाई तुला यायचंय का म्हणून. या पोरीवर धुराचं नाव सांगायची पाळी आणू नको. आमेन."

मला रडू कोसळलं. तोंडात पदर कोंबला तरी आवाज थांबेना.

मग बार्णबा. तो एकच वाक्य बोलला. "प्रभू, रोदाला मिरजेला चांगलं शिकू दे, आणि तिला तिथं करमू दे. आमेन." करमू दे! दुसऱ्या कोणाच्या डोक्यात ते आलं नसतं. आपण या माणसाला आवडतो, खरोखर आवडतो, हे मला त्या एका शब्दात कळलं. वाईट वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून लग्न करायचं नसतं, एवढी अक्कल मला तेव्हाही होती.

माझी पाळी आली. कित्येक दिवस मनात जुळवलेलं सगळं भाषण होतं माझ्याजवळ, देवालाही ऐकवायचं आणि बाबांनाही. त्यातलं एक अक्षर आठवेना. मी "प्रभू" म्हणाले, पुन्हा "प्रभू" म्हणाले आणि तिथंच आमेन केलं.

शेवटी आई. आईची प्रार्थना ठरलेली असायची: आजच्या भाकरीबद्दल आभार, उद्याच्या भाकरीची मागणी, आजाऱ्यांची नावं. मी तेच ऐकायच्या तयारीनं डोळे पुसत होते.

"प्रभू," आई म्हणाली, "मलाही कोणी विचारलं नव्हतं."

बस्स. राग नाही, रडणं नाही. मीठ संपलंय सांगावं तशी बोलली आणि गप्प बसली. आमेनही नाही.

मी डोळे उघडले. प्रार्थनेत डोळे उघडायचे नाहीत ही आमच्या घरची पहिली शिकवण, पण मी उघडले. बाबांचेही उघडे होते. ते आईकडे बघत होते. इतक्या वर्षांचा संसार, रोज संध्याकाळी एका सतरंजीवर बसून केलेल्या इतक्या प्रार्थना, आणि ही बाई कोण आहे असं त्यांना पहिल्यांदाच वाटत असावं. आईचे डोळे मिटलेले होते. चेहरा शांत होता.

उपासनेचा शेवट प्रभूच्या प्रार्थनेनं व्हायचा. "हे आमच्या स्वर्गातल्या पित्या" असं बाबांनी सुरू करायचं आणि बाकीच्यांनी सूर धरायचा, हा रिवाज. आम्ही वाट बघत राहिलो. बाबांचे ओठ हलले. आवाज फुटला नाही. पुन्हा हलले. "पित्या" या शब्दापर्यंत जायचं त्यांना त्या संध्याकाळी होईना.

मग आईनं सुरू केली. आणि बाबा तिच्या मागून, एकेक शब्द, म्हणू लागले.